जुन्या मॅटाडोरच्या भिंतीत काय भरायचं, त्याआधी काचांचं बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. धुळ्याच्या एका गृहस्थांनी १९८८ ची मॅटाडोर व्हॅन घेतली आहे. आधीच्या मालकाने कधीतरी तिचं फिरतं घर करून घेतलं होतं. आत पलंग होणारे बाक आहेत, छोटा ओटा आहे, भिंतींना प्लाय मारलेला आहे. गाडी चालते. पण मे महिन्यात दुपारी आत पाय ठेववत नाही, आणि मागच्या डिसेंबरात तोरणमाळला रात्रभर कुडकुडून सकाळी छतातून अंगावर पाणी टपकलं. परदेशातले व्हिडिओ बघून त्यांनी बेत केला आहे की प्लाय काढून भिंतीत दोन इंच ग्लासवूल (काचेच्या तंतूंचा कापूस) भरायचं, त्यावर चंदेरी फॉइल, त्यावर प्लास्टिकचा कागद, आणि खिडक्यांना डबल काच बसवायची. विचारलं आहे एवढंच की ग्लासवूल किती जाडीचं घेऊ?

भाऊ, ग्लासवूल घेऊच नका. कारण सांगतो. माझा जळगावला बॉडीचा धंदा आहे. ॲम्ब्युलन्स, शाळेच्या बस, दुधाच्या आणि आइसक्रीमच्या गाड्या असं पंचवीसेक वर्षं करत आलोय. फिरती घरं म्हणाल तर मोजून चार, आणि त्यातलं पहिलं माझं स्वतःचं होतं, तेही मॅटाडोरच. (आमच्याकडे खेड्यात अजून कुठल्याही व्हॅनला मॅटाडोरच म्हणतात, पण ही खरी बजाज टेम्पोची.) तिच्या भिंतीत मी मोठ्या हौसेने ग्लासवूल ठासलं. दोन पावसाळे गेले. तिसऱ्या वर्षी मागच्या चाकाजवळ प्लायवर तपकिरी डाग दिसला म्हणून खालची पट्टी उघडली, तर वरचा अर्धा भाग रिकामा आणि खाली सगळं ग्लासवूल बसून गोळा झालेलं. हातात घेऊन पिळलं तर पाणी निघालं. त्याच्या मागचा पत्रा बोटाने दाबला, तो तळलेल्या पापडासारखा मोडला. म्हणजे पाण्याने भिजलेली रजई मी दोन वर्षं पत्र्याला गुंडाळून ठेवली होती. ग्लासवूल वाईट नाही, घराच्या फॉल्स सीलिंगवर बिनधास्त टाका. पण गाडी खड्ड्यातून जाते तेव्हा ते हादऱ्याने खाली बसतं, आणि भिजलं की त्याचा उपयोग संपतो.

आता तुमचा मूळ त्रास बघू. तुम्ही भिंती आणि खिडक्या असं एका दमात लिहिलंय, पण त्या सारख्या नाहीत. जरा हिशेब मांडतो, कंटाळू नका. मेमध्ये दुपारी चारच्या सुमाराला पश्चिमेकडच्या उभ्या बाजूवर ऊन थेट येतं तेव्हा एका चौरस मीटरवर साधारण ६०० वॅट पडतात. साधी काच त्यातले ५०० च्या आसपास आत सोडते. म्हणजे चौरस मीटरभर उघडी काच म्हणजे आत अर्धा किलोवॅटची शेगडी पेटवून ठेवल्यासारखं. आता पत्रा घ्या. बाहेरून ५५ अंश तापलेला आणि आत ३५ अंश धरले, तर नुसत्या पत्र्यातून चौरस मीटरला दीडशे-एकशेसाठ वॅट आत येतात. त्याच पत्र्याला आतून २० मिलिमीटर फोम चिकटवला की ते तीसवर येतात. ४० मिलिमीटर लावला तर सोळावर. आकडे मागेपुढे होतील, गाडीचा रंग आणि वारा यांवर आहे, पण प्रमाण हेच राहतं.

यातून दोन गोष्टी कळतात. पहिली, काच उघडी ठेवून भिंतीत फोम भरणं म्हणजे दार सताड उघडं टाकून कडी-कुलपाला तेल घालणं. दुसरी, पहिल्या २० मिलिमीटरने १३० वॅट वाचले, पुढच्या २० ने चौदा. मॅटाडोरची आतली रुंदी आधीच बेताची, पलंगावर माणूस आडवा झोपायचा तर इंच-इंच महाग. त्यामुळे भिंतीत दोन इंचाचा हट्ट नको, १९ किंवा २५ मिलिमीटर पुष्कळ झाले. छताला मात्र जास्त द्या.

तुमची परिस्थिती मला पूर्ण माहीत नाही, म्हणून तीन गोष्टी विचारून ठेवतो. एक, आत एसी लावणार की कूलर? दोन, गाडी उभी कुठे असते, झाडाखाली की उघड्यावर? तीन, वर्षातल्या किती रात्री खरंच थंडीत जातात? खान्देशात एप्रिल-मेची हवा इतकी कोरडी असते की कूलर छान काम करतो. पण कूलरला हवा आत यायला आणि बाहेर जायला वाट लागते, खिडकी चार बोटं उघडी ठेवावी लागते. अशा गाडीत प्लास्टिकचा कागद लावून भेगा बुजवत बसणं म्हणजे गाळणीला झाकण. एसी असेल तर मात्र हवा बंद राहणं महत्त्वाचं. मी पुढे एसी नाही पण कधीतरी बसेल असं धरून लिहितो.

व्हिडिओमधला प्लास्टिकचा कागद त्या लोकांच्या देशात बरोबर आहे. तिथे सहा-आठ महिने आत ऊब आणि ओल, बाहेर गारठा. ओल आतून बाहेर जाते, म्हणून ती आतल्या बाजूलाच अडवायची. आपल्याकडे ओल कधी आतून बाहेर जाते, कधी बाहेरून आत येते. तोरणमाळच्या रात्री तुमच्या बाबतीत पहिलं झालं. दोन माणसं आठ तास झोपली तर श्वास आणि घाम मिळून पाऊण लिटरच्या आसपास पाणी हवेत सोडतात. ते जाऊन गार पत्र्याला लागलं आणि दवासारखं जमलं. तुमचं छत गळत नसावं, ते तुमच्याच श्वासाचं पाणी असावं. पण ऑगस्टमध्ये एसी लावलात की उलटं. बाहेरची हवा २७ अंश आणि दमट, तिचं दव २४ अंशालाच जमतं. ती भेगांतून भिंतीत शिरली आणि एसीने गार झालेल्या प्लायच्या मागे पोचली की तिथे घाम सुटतो, आणि तुमच्या प्लास्टिकमुळे तो वाळत नाही. म्हणून हवेला पत्र्यापर्यंत पोचूच द्यायचं नाही. ज्या फोमची छिद्रं आतून बंद असतात तो थेट पत्र्यावर फट न ठेवता चिकटवायचा. वेगळा कागद लागतच नाही.

असा फोम म्हणजे काय घ्यायचं? मी आता बहुतेक काळी नायट्राइल रबर शीट वापरतो. एसीच्या डक्टचं काम करणाऱ्यांकडे मिळते, पाठीला चिकट असलेली घ्या. ती १०५ अंशांपर्यंत तग धरते, वाकते, त्यामुळे मॅटाडोरच्या गोलाईवर नीट बसते आणि पत्र्याची खडखडही मारते. स्वस्तात हवं असेल तर एक्सएलपीई (पॉलिथिनच्या फोमची) शीट. थर्माकोल सपाट भागात चालेल असं वाटतं, पण तो पत्र्याला घासून किरकिरतो, ऐंशीच्या आसपास मऊ पडतो (काळसर पत्रा मेमध्ये सत्तरी सहज ओलांडतो), आणि सगळ्यात मोठी गंमत म्हणजे नेहमीचं पिवळं रबर सोल्युशन त्याला खातं. एकदा नवीन पोराने माझ्याकडे थर्माकोलला ते फासलं आणि चहाला गेला. परत आला तर शीटला वाटीएवढी भोकं. फवाऱ्याने मारायचा पफ (फुगून घट्ट होणारा पॉलियुरेथेन फोम) आइसक्रीमच्या गाडीला उत्तम, कारण त्या डब्याच्या भिंती त्याच्यासाठीच बांधलेल्या असतात. जुन्या गाडीत तो फुगताना पातळ पत्र्याला पोट आणतो, पाणी जायची भोकं बुजवतो, आणि उद्या डेंटिंग करायचं झालं तर डेंटर तुम्हाला शिव्या घालतो.

फॉइलबद्दल एक गैरसमज सगळीकडे आहे. चंदेरी कागद उष्णता परतवतो तो त्याच्यासमोर मोकळी हवा असेल तरच. पत्रा आणि प्लाय यांच्यामध्ये तो दाबून बसवला तर ते नुसतं ॲल्युमिनियम झालं, आणि ॲल्युमिनियम तर उष्णता झटकन वाहून नेतं. फॉइल लावलेला फोम घेतला तर चंदेरी तोंड आतल्या बाजूला करा आणि प्लायपर्यंत दीड-दोन सेंटिमीटर पोकळी ठेवा. तेवढी जागा नसेल तर साधी काळी शीट घ्या, पैसे वाचतील.

पण हे सगळं नंतर. आधी पाणी. माझे उस्ताद अमळनेरकडचे, अहिराणीतच बोलायचे. कुठलीही गाडी आली की त्यांचं एकच ठरलेलं, "पानी कथाईन येस ते पहिले देख, मंग भुसा भर." म्हणजे पाणी कुठून येतं ते आधी बघ, मग भुसा भर. तुमचा प्लाय निघाला की स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने पत्रा ठोकत खाली खाली या. चांगला पत्रा टण् वाजतो, आतून कुजलेला भद्द. सगळ्यात वाईट जागा म्हणजे खिडक्यांचे खालचे कोपरे आणि मागच्या चाकावरची कमान. मग एकाला आत बॅटरी घेऊन बसवा आणि बाहेरून नळीने पाणी सोडा, पण खालून सुरुवात करा. आधी फक्त पायरीची पातळी दहा मिनिटं, मग खिडकीचा खालचा काठ, मग वरचा, मग छताची पन्हळ. वरून सुरू केलंत तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि कुठून शिरलं ते कळत नाही. भिंतीच्या तळाशी पेन्सिल जाईल एवढी भोकं असतात, ती कंपनीनेच पाणी जायला ठेवलेली. तारेने साफ करा आणि फोम त्यांच्यापासून दोन बोटं वर संपवा. गंज खरवडून प्रायमर मारल्याशिवाय त्यावर काही चिकटवू नका. फोमच्या मागे गंज थांबत नाही, फक्त दिसेनासा होतो.

खिडक्या तुमच्या दोन प्रकारच्या असणार. मागच्या काचा रबरात बसवलेल्या पक्क्या, बाजूच्या ॲल्युमिनियमच्या चॅनलमध्ये सरकणाऱ्या. पस्तीसहून जास्त वर्षांचं रबर नखाने दाबलं आणि खूण उमटली नाही तर ते संपलं समजा. वरून सिलिकॉनचे थर देऊ नका, तो पाणी आत कोंडतो. नवीन रबर मीटरवर मिळतं. जुन्याचा चार इंचांचा तुकडा कापून दुकानात न्या, नुसतं मॅटाडोरचं रबर म्हणून मागू नका, तीन वेगळे नमुने हातात पडतील. बसवायची रीत सोपी आहे, पण दोन माणसं लागतात. रबर आधी काचेभोवती चढवायचं. त्याच्या बाहेरच्या खाचेत नायलॉनची दोरी सगळीकडून फिरवायची, टोकं खाली मध्यभागी एकमेकांवर वीतभर येऊ द्यायची. साबणाचं पाणी लावून काच बाहेरून चौकटीवर टेकवायची आणि टोकं आत घ्यायची. एकाने बाहेरून तळव्याने दाब द्यायचा, दुसऱ्याने आतून दोरी हळूहळू ओढायची. दोरी निघते तसा रबराचा ओठ पत्र्यावरून आत उलटत येतो. कोपऱ्यावर घाई केलीत तर ओठ फाटतो. सरकत्या काचांत केसाळ पट्ट्या बदला आणि खालच्या चॅनलमधली भोकं मोकळी करा. त्यात धुळ्याची धूळ भरून सिमेंट झालेलं असतं.

आता डबल काच. इथे माझं मत थोडं वेगळं आहे. डबल काच हा थंडीवरचा उपाय आहे. साध्या काचेतून जेवढी ऊब बाहेर पळते त्याच्या निम्मीच डबलमधून जाते, खरं आहे. पण ऊन? साधी काच शंभरातलं ऐंशीच्या वर आत घेते, डबल सत्तरच्या आसपास. त्या दहा-बारासाठी एवढा खर्च? शिवाय काचेचं वजन, मिलिमीटरला चौरस मीटरमागे अडीच किलो, म्हणजे ४ मिलिमीटरची एक काच दहा किलो. कारखान्यातून सीलबंद येणाऱ्या डबल काचेचं सील आपल्या रस्त्यांवर सुटलं की आत धुकं जमतं आणि ते पुसताही येत नाही. टफन्ड (तापवून कडक केलेली) काच नंतर कापता येत नाही, तेही ध्यानात असू द्या.

थंडीसाठी मी वेगळं करतो. काचेच्या आत, दीड-दोन सेंटिमीटर अंतरावर, ४ मिलिमीटरचा ॲक्रिलिकचा तुकडा चुंबकाच्या पट्टीवर लावायचा. वजन काचेच्या निम्म्याहून कमी, उन्हाळ्यात काढून पलंगाखाली ठेवता येतो. कापताना चारी बाजूंनी दोन-दोन मिलिमीटर लहान कापा. मीटरभर ॲक्रिलिक चाळीस अंशांच्या फरकाने जवळजवळ ३ मिलिमीटर वाढतं, घट्ट बसवलं तर कमान होऊन निसटतं. ड्रायव्हरच्या बाजूला आणि पुढच्या काचेला हे नको. चालवताना तिथे प्रतिबिंब दिसतं.

उन्हासाठी बाहेर सावली करायची. आतला पडदा कितीही जाड असला तरी ऊन काचेतून आत आलेलं असतं, मग पडदाच तापतो आणि आत तापवत बसतो. रावेर-यावलकडे केळीवाला काय करतो बघा. मेच्या झळा लागतात म्हणून बागेच्या कडेलाच शेवरीची नाहीतर गवताची दाट ओळ धरतो. झळ बागेत शिरल्यावर मग झाडाला वारा घालत बसत नाही. तुम्हीही कृषी केंद्रातून ७५ टक्क्यांची शेडनेट आणा, पांढरी मिळाली तर उत्तम. खिडकीपेक्षा वीतभर मोठे तुकडे कापून कडा दुमडून शिवून घ्या, वर पन्हळीला अडकवायला आकडे आणि खाली चुंबक. काचेपासून चार बोटं लांब लोंबकळू द्या, म्हणजे तापलेली हवा मधून वर निघून जाते. गाडी उभी केली की लावायची, निघताना काढायची. माझ्या गाडीला हे लावलं आणि घरच्यांनी पहिल्यांदा दुपारी आत डबा खाल्ला. दुसऱ्या कशाचा त्यांनी कधी कौतुकाने उल्लेख केला नाही.

काळी फिल्म चिकटवायचा विचार असेल तर जपून. पुढच्या आणि मागच्या काचेतून निदान ७० टक्के आणि बाजूच्यांतून ५० टक्के उजेड पार झाला पाहिजे असा नियम आहे, आणि रस्त्यावर थांबवणारा मीटर काढण्याआधी पावती काढतो. बॉडीचा आकार बदलणार नसाल तर फोमचं काम आरटीओच्या आड येत नाही, पण खिडकी बुजवणार किंवा नवीन काढणार असाल तर आधी परवानगी.

भिंतीतली एक जागा सगळे विसरतात. पत्र्याला आतून जे पोलादी उभे चॅनल असतात, आम्ही त्यांना पिलर म्हणतो, तिथे प्लाय थेट लोखंडाला स्क्रूने आवळलेला असतो. दुपारी प्लायवरून तळवा फिरवा. डोळे मिटूनही पिलर कुठे आहे ते कळेल, तिथे चटका बसतो. हिवाळ्यात त्याच ओळीवर ओलीची रेघ उमटते. पिलरवर ६ मिलिमीटरची रबर पट्टी लावून मग प्लाय मारा. स्क्रूतून थोडी उष्णता येईलच, ती येऊ द्या.

चिकटवायचं काम भर उन्हात करू नका. पत्रा थिनरने पुसा, सकाळी सातला सुरू करा, वेगळं सोल्युशन लावणार असाल तर दोन्ही बाजूंना लावून बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबा, मग एका टोकापासून रोलरने हवा काढत न्या. दारं उघडी, बिडी बाहेर. छताला लोकल सोल्युशन वापरलं तर जूनपर्यंत शीट ओढणीसारखी खाली लोंबते, हे मी एका गिऱ्हाइकाच्या गाडीत भोगलंय, फुकट पुन्हा करून द्यावं लागलं.

वायरिंगचं: फोम लावण्याआधी जुन्या वायरी काढून टाका आणि एक माप जास्त जाडीच्या नव्या वायरी पाइपात घाला. फोममध्ये गाडलेल्या वायरीची उष्णता बाहेर पडत नाही. हे सगळे फोम जळतात आणि धूर विषारी असतो, म्हणून ओट्यामागे फोमवर नुसतं रेक्झिन नको, तिथे पत्रा मारा. सिलिंडर ठेवणार असाल तर फरशीलगत एक जाळीचं भोक कधीच बुजवू नका. गॅस हवेपेक्षा जड, तो खालीच साठतो. रात्री थंडी कितीही असली तरी छतावरची झडप बोटभर उघडी हवी, नाहीतर तोरणमाळचं पाणी पुन्हा टपकेल.

छत विचारलं नाहीत, तरी सांगतो: पांढरा रंग द्या, ३८ मिलिमीटर शीट लावा, आणि जमलं तर वर कॅरिअरवर दुसरा पातळ पत्रा चार इंच उंचावर. आपल्याकडची धाब्याची घरं दुपारी गार राहतात ती मातीच्या वजनामुळे, संध्याकाळपर्यंत उष्णता आत पोचतच नाही. गाडीला ते वजन परवडत नाही, म्हणून हा दुसरा पत्रा.

क्रम मी असा ठेवला असता: या पावसाळ्यात पाण्याची तपासणी आणि रबरं, ऑक्टोबरात गंज आणि रंग, दिवाळीनंतर फोम, ॲक्रिलिक थंडीच्या आधी. शेडनेट मात्र उद्याच आणा, तिला प्लाय उघडावा लागत नाही.

आणि सगळा प्लाय एकदम उखडू नका. आधी डाव्या बाजूचा, मागच्या चाकाच्या वरचा एकच तुकडा काढा, तिथे हात घालून बघा आणि उजेडात दोन फोटो काढून टाका. रबराचा कापलेला तुकडाही पट्टीशेजारी ठेवून दाखवा, म्हणजे कुठला नमुना आणि किती मीटर लागेल ते सांगता येईल.